शाम्पूच्या बाटलीची मागची बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

शाम्पूच्या बाटलीला पुढच्या बाजूस चित्र असते आणि मागच्या बाजूस मजकूर असतो. आपण चित्र पाहून बाटली घेतो आणि मजकुराकडे ती रिकामी होईपर्यंत ढुंकूनही पाहत नाही. मी तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि तरीही मी हेच करत होते, हे आधी कबूल केलेले बरे. माझे डोळे उघडले ते बार्शीच्या मावशीमुळे, आणि दुसऱ्याच दिवशी ते मिटून घेण्याची वेळ आली तीही तिच्यामुळेच.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी मावशीकडे गेले होते आणि जाताना तिच्यासाठी एक शाम्पू नेला होता, कारण त्याच्या बाटलीवर शिकेकाईच्या शेंगांचा मोठा घोस छापलेला होता. मावशी जन्मभर शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा आणि गव्हला कचोरा एकत्र कुटून, उकळून, त्या पाण्याने न्हात आलेली. ओसरीवर बसून ती गहू निवडत होती. तिने बाटली नाकाशी नेली, चष्मा घरात राहिला होता म्हणून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "वाच बघू, काय काय घातलंय ते." मी वाचू लागले, आणि मी एकेक नाव उच्चारले की ती सुपातला एकेक गहू फरशीवर ठेवू लागली.

पहिले नाव पाणी. दुसरे सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे मळ काढणारे आणि फेस करणारे मुख्य द्रव्य. तिसरे कोकामिडोप्रोपिल बीटेन, म्हणजे नारळाच्या तेलापासून तयार होणारे आणि त्या मुख्य द्रव्याचा जहालपणा कमी करणारे त्याचे जोडीदार. चौथे सोडियम क्लोराइड.

"हे काय असतं?"

"मीठ. शाम्पू दाट व्हावा म्हणून घालतात."

मावशी इतकी हसली की सूप हलले. "आमटी पातळ झाली तर आम्ही डाळ घोटतो गं. मीठ घालून दाट होणारा पदार्थ पहिल्यांदाच ऐकला!"

शाम्पूचा दाटपणा हा कसाचा पुरावा नव्हे आणि भरपूर फेस हाही नव्हे, हे मी वर्गात कधी इतके ठसवून सांगू शकले नव्हते. यादी पुढे सरकली. सुगंध झाला, शाम्पू खराब होऊ न देणारी परिरक्षके झाली, रंग झाले, आणि फरशीवर सतरावा गहू पडला तेव्हा शिकेकाईचा अर्क आला. मावशी त्या सतराव्या दाण्याकडे पाहत म्हणाली, "लग्नपत्रिकेत सगळ्यात खाली पोरांची नावं असतात ना, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी? तुझी शिकेकाई त्या ओळीत बसलीय. आणि फोटो मात्र नवरीच्या जागी छापलाय."

श्रोतेहो, मावशीला नियम ठाऊक नव्हता, पण तिने तो बरोबर पकडला होता. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो यादीत आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीचे, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असणारे घटक शेवटी कोणत्याही क्रमाने, अशी यादीची रीत आहे. परिरक्षके बहुधा एक टक्क्याच्या आतच वापरतात. त्यामुळे त्यांच्याही मागे ज्याचे नाव असेल तो घटक चिमूटभरच असतो. पुन्हा सांगते, नाव आहे की नाही एवढेच पाहू नका, ते कितव्या जागी आहे ते पाहा.

आता डोळे मिटण्याची गोष्ट. विजयाने फुललेल्या मावशीने दुसऱ्या दिवशी मला न्हाणीघरात पाटावर बसवले आणि शिकेकाईचे दाट, कोमट पाणी डोक्यावर ओतले. ते डोळ्यांत उतरले आणि मी अक्षरशः किंचाळले. दुपारपर्यंत माझे डोळे जास्वंदीसारखे लाल होते. मावशी मात्र मानायला तयार नव्हती. "यात केमिकल नाही, मग झोंबेल कसं?" असे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात, तीच फेस करतात, तीच मळ काढतात आणि डोळ्यांनाही तीच झोंबतात. झाडाला लागले म्हणून ते सौम्य झाले, असे नसते. ("केमिकल-फ्री" हा शब्द छापणाऱ्यांना माझ्या प्रयोगशाळेत एक दिवस बसवावे, अशी माझी फार जुनी इच्छा आहे. पाणीसुद्धा रसायनच आहे.)

किश्श्याने बराच वेळ खाल्ला. आता ज्या नावांना लोक भितात त्यांच्याकडे वळते. सल्फेट हे विष नव्हे. लॉरिल सल्फेट जहाल आणि लॉरेथ सल्फेट त्या मानाने सौम्य असते. तेलकट डोक्याला ते चालते, पण कोरड्या, कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांना रोज वापरल्यास रुक्ष करते. पॅराबेन हे परिरक्षक आहे. युरोपात एकट्या मिथाइलपॅराबेनला ०.४ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. परिरक्षक नसेल, तर ओल्या न्हाणीघरातल्या बाटलीत बुरशी आणि जंतू वाढतात. मला स्वतःला पॅराबेनपेक्षा मिथाइलआयसोथायाझोलिनोन या नावाची धास्ती अधिक वाटते, कारण त्याने अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते, आणि अंगावर तसेच राहणाऱ्या प्रसाधनांतून युरोपने ते २०१७ साली काढून टाकले. डीएमडीएम हायडँटोइन हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडते. डोक्याला खाज सुटत असेल, तर ही दोन नावे आणि "सुगंध" हा शब्द यादीत आहे का, ते आधी शोधावे.

कंडिशनरमध्ये सिटाइल अल्कोहोल दिसले की लोक दचकतात, पण ते मेणासारखे, केस मऊ करणारे अल्कोहोल आहे. केस कोरडे करणारे अल्कोहोल ते नव्हे. धुतलेल्या केसांवर ऋण विद्युत्भार असतो आणि बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारख्या घटकावर धन असतो, म्हणून तो केसाला चिकटून राहतो आणि गुंता सुटतो. डायमेथिकोन हे सिलिकॉन केसावर पातळ थर देऊन चकाकी आणते. त्याने केस बिघडत नाहीत, मात्र पातळ केस चपटे दिसतात. कंडिशनर टोकांना लावावा, डोक्याच्या त्वचेला नव्हे. पुन्हा सांगते, टोकांना. आणि "मुळापर्यंत पोषण" या शब्दांवर भुलू नका, कारण त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो आणि त्याच्या मुळाला जे मिळते ते रक्तातून, म्हणजे ताटातल्या भाकरी-भाजीतून मिळते.

निघताना मी ती बाटली पिशवीत भरू लागले, तेव्हा मावशीने माझा हात धरला. "राहू दे गं. रिठे संपलेत, आणि लोकरीची शाल धुवायचीय."