रात्री अडलेल्या गाईजवळ कोण जाणार?

रात्री दोन वाजता गाय अडली, तर फोन कोण उचलणार? पशुवैद्यकीय व्यवसायातल्या मनुष्यबळावर बोलायचं म्हटलं की नोंदणीचे आकडे आणि टक्केवाऱ्या समोर येतात. त्या मी सांगणारच आहे. पण इतकी वर्षं हे काम केल्यावर माझ्या मनात प्रश्न उरला आहे तो एवढाच.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी ते काय असतं ते सांगते. वासराचा एक पाय बाहेर आलेला असतो, दुसरा गुडघ्यात मुडपलेला असतो, डोकं मागे वळलेलं असतं. गाय कळा देऊन देऊन थकलेली असते. खांद्यापर्यंत हात आत जातो आणि पुढचं सगळं बोटांनीच पाहायचं असतं. ओढायला ताकद लागते, असं लोकांना वाटतं. खरं काम ओढण्याच्या आधीचं आहे. दोन कळांच्या मधल्या उसंतीत वासरू उलट आत ढकलायचं, जरा जागा झाली की खुराची टोकं तळहाताने झाकत पाय सरळ करायचा, मग जबडा धरून डोकं वळवायचं. त्यानंतर दोऱ्या बांधायच्या आणि कळेबरोबर ओढायचं. कळ थांबली की आपणही थांबायचं. घाई केली तर गर्भाशय फाटतं. नाहीच जमलं तर डाव्या कुशीत भूल देऊन, गाय उभी असतानाच पोट उघडावं लागतं. बायकांना हे झेपणार नाही, असं मी विद्यार्थिदशेत पुष्कळ ऐकलं. दंडाच्या जोरावर अडलेलं वासरू काढायला जाणाऱ्यांच्या हातून काय होतं, तेही पुढे पुष्कळ पाहिलं.

आता हे काम पूर्वी कसं चालायचं ते पाहा. दवाखाना डॉक्टरच्या मालकीचा आणि बहुतेकदा घरालाच लागून. डॉक्टर पुरुष. रात्री फोन वाजला की तो उचलायची त्याची बायको. कुणाची गाय, किती वेळ झाला, घर कुठल्या वाटेला, हे ती लिहून घ्यायची. नवरा बाहेर असताना औषधं द्यायची, हिशेब ठेवायची, आलेल्या माणसाला धीर द्यायची. व्यवसायाच्या नोंदवहीत नाव एकच होतं, काम मात्र दोघं करत होती. दुसऱ्या माणसाला पगार नव्हता, म्हणून त्याची मोजणीही नव्हती. पशुवैद्यांची आजची टंचाई समजून घ्यायची तर सुरुवात इथून करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हा व्यवसाय एकदा मुळापासून बदलून गेला आहे. क्लोद बूर्जेला यांनी १७६१ मध्ये फ्रान्समधल्या ल्याँ इथे पहिलं पशुवैद्यकीय महाविद्यालय काढलं, तेव्हा युरोपातली गुरं बुळकांडीने मरत होती. तो रोग जगातून संपल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं; देवीनंतर माणसाने नाहीसा केलेला हा दुसराच रोग. पण बराच काळ पशुवैद्याचं पोट मुख्यतः घोड्यावर चाललं, सैन्याच्या आणि गाडीच्या. मोटार आणि ट्रॅक्टर आले आणि घोडा गेला. आता पशुवैद्याची गरज काय, असं त्या काळी लोक खरोखर विचारत होते. मग व्यवसाय दुभत्या गुरांकडे वळला आणि पुढे कुत्र्या-मांजरांकडे. आज श्रीमंत देशांतले बहुसंख्य पशुवैद्य पाळीव प्राण्यांवरच काम करतात. त्या वेळी रुग्ण बदलले होते. या वेळी बदलले आहेत ते डॉक्टर.

अलीन कस्ट यांची हकिकत इथे सांगायलाच हवी. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी एडिंबरामध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं, पण पशुवैद्यांना परवाना देणाऱ्या ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने १८९७ मध्ये त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. त्या खचल्या नाहीत. १९०० मध्ये शिक्षण संपवून आयर्लंडला परतल्या आणि पदवीशिवाय गाई-घोड्यांवर उपचार करू लागल्या. पहिल्या महायुद्धात जखमी घोड्यांसाठी फ्रान्सला गेल्या. बाईपणाच्या कारणावरून व्यवसायाचं दार बंद ठेवायला मनाई करणारा कायदा १९१९ मध्ये झाला आणि १९२२ मध्ये त्यांच्या हाती पदविका आली. तेव्हा त्या ५४ वर्षांच्या होत्या. वीसहून अधिक वर्षं हे काम केलेली बाई अखेर कागदावर पशुवैद्य झाली.

त्यानंतर शंभर वर्षांत चित्र पार उलटलं. अमेरिकेत १९८०च्या दशकात पशुवैद्यकाच्या वर्गांत मुली मुलांपेक्षा जास्त झाल्या. आज तिथे पाच विद्यार्थ्यांत चार मुली असतात. ब्रिटनमध्येही काम करणाऱ्या पशुवैद्यांत निम्म्याहून बऱ्याच जास्त स्त्रिया आहेत. मग मुलगे गेले कुठे? पगार कमी म्हणून ते आले नाहीत, हे उत्तर सगळे देतात. अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या प्रवेशांचा अभ्यास करून २०१० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात वेगळंच दिसलं. फी आणि पगार यांचा परिणाम मुलगे-मुलींवर साधारण सारखाच होता. वर्गात मुली वाढल्या की पुढच्या वर्षी मुलग्यांचे अर्ज घटत होते. पुरुष या व्यवसायातून हाकलले गेले नाहीत. मुलींची गर्दी पाहून ते आधीच दुसरीकडे वळले.

स्त्रिया बहुसंख्य झाल्या म्हणजे प्रश्न मिटला, असं मात्र समजू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला एक प्रयोग मला विसरता येत नाही. दवाखाने चालवणाऱ्या पशुवैद्यांना एका कर्मचाऱ्याच्या कामाचा अहवाल दिला. अहवाल शब्दशः एकच, फक्त काहींच्या प्रतीवर पुरुषाचं नाव होतं, काहींच्या प्रतीवर बाईचं. आता आमच्यात भेदभाव उरलेला नाही, असं ज्यांना मनापासून वाटत होतं, नेमक्या त्यांनीच बाईला सुमारे ८ टक्के कमी पगार सुचवला. मालकीतही तोच उतार आहे. वर्गात मुली जास्त, पण दवाखान्यांच्या भागीदारांच्या यादीत पुरुषांचं प्रमाण अजून मोठं आहे.

आता टंचाईकडे येऊ. टंचाई आहे म्हटलं की पहिला उपाय सुचतो तो नवीन महाविद्यालयांचा. ब्रिटनमध्ये २०१४ पासून एकामागून एक नवी महाविद्यालयं सुरू झाली. मी त्यांच्या विरोधात नाही. पण पाण्याचा हौद गळत असेल, तर आधी गळती कुठे आहे ते पाहावं लागतं. नव्याने बाहेर पडलेली मुलगी हुशार असते, तिला औषधं पाठ असतात. पण वर सांगितलेलं ते वासरू तिने रात्री एकटीने काढायचं, तर त्याआधी कुणीतरी अनुभवी माणूस तिच्याशेजारी उभा राहिलेला असावा लागतो. आणि नेमकी तीच माणसं निघून जात आहेत, पस्तिशी-चाळिशीतली, दहा वर्षं काम केलेली, घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील असलेली. त्यांच्यातली एक गेली की फक्त एक डॉक्टर कमी होत नाही. तिच्या आधारावर तयार होणाऱ्या दोघी-तिघीही डळमळतात. नोंदणीचा आकडा वाढतो आणि दवाखान्यात हात मिळत नाहीत, असं एकाच वेळी होऊ शकतं, कारण नोंदवहीत नावं असतात, तास नसतात. पूर्वीच्या एका नावामागे दोन माणसांचे तास होते. आजच्या नावामागे एकाचेच, आणि कधी आठवड्यातल्या तीन-चार दिवसांचे. अर्धवेळ काम मागणाऱ्या मुलींना बोल लावणारे हे गणित कधी मांडतच नाहीत.

बाहेरून माणसं आणणं हा दुसरा उपाय, आणि तो किती ठिसूळ असतो हे ब्रिटनने अनुभवलं. कत्तलखान्यातल्या तपासणीचं काम पशुवैद्याचं असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. जनावर आजारी नाही ना, मांस खाण्याजोगं आहे ना, हे पाहणारा हा डॉक्टर सार्वजनिक आरोग्याचा पहारेकरीच असतो. ब्रिटनमध्ये यातले बहुसंख्य डॉक्टर युरोपीय संघातल्या देशांतून आलेले होते. ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि तिकडून येऊन नव्याने नोंदणी करणाऱ्या पशुवैद्यांची संख्या २०१९ मधल्या १,१३२ वरून २०२१ मध्ये ३६४ वर आली.

मालकीही बदलली. पशुवैद्य नसलेल्यांना ब्रिटनमध्ये १९९९ पासून दवाखान्याचं मालक होता येऊ लागलं. २०१३ मध्ये अनेक दवाखाने चालवणाऱ्या मोठ्या कंपनी-समूहांकडे दहातला एक दवाखाना होता; दहा वर्षांत ते प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ गेलं. मी याला सरसकट वाईट म्हणणार नाही. ठरलेला पगार, बाळंतपणाची रजा, रात्रीची वेगळी व्यवस्था या गोष्टी काही ठिकाणी या समूहांमुळेच आल्या. पण नोकरी करता करता एक दिवस याच दवाखान्यात भागीदार होऊ, ही तरुण डॉक्टरची आशा त्यात विझली. टिकून राहायचं एक मोठं कारण हातचं गेलं.

सगळ्यात जड विषय आता. अमेरिकेतल्या १९७९ ते २०१५ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की तिथल्या स्त्री पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांच्या साडेतीन पट आहे आणि पुरुष पशुवैद्यांमध्ये सर्वसाधारण पुरुषांच्या दुप्पट. कारण एकच नसतं. शिक्षणाचं कर्ज असतं, एकटेपणा असतो, उपचार शक्य असूनही पैशाअभावी जनावराला शांत मरण द्यावं लागणं असतं. आणि ज्या औषधांनी ते मरण देतात ती हाताशी असतात. आपल्यातली एखादी बरेच दिवस गप्प असेल तर तिच्याजवळ बसा, सरळ विचारा. विचारल्याने कुणी त्या वाटेला ढकललं जात नाही.

गळती थांबवण्याचे मार्ग दिखाऊ नाहीत. टाके काढणं, रक्त घेणं, शस्त्रक्रियेनंतर जनावरावर लक्ष ठेवणं ही कामं प्रशिक्षित परिचारिकांच्या हाती विश्वासाने द्यावीत. कित्येक दवाखान्यांत त्या शिकलेल्या असूनही पिंजरे धूत बसतात. रात्रपाळीनंतरचा दिवस मोकळा ठेवावा. आसपासच्या दवाखान्यांनी रात्री वाटून घ्याव्यात. दोघांत वाटल्या तर एकाआड एक रात्र जागी जाते, आठ जणांत वाटल्या तर आठवडाभर उसंत मिळते. मुलं मोठी झाल्यावर परत येऊ पाहणाऱ्या बाईला महिनाभर कुणाच्या तरी सोबतीने काम करू द्यावं, म्हणजे हाताची भीड मोडते.

हल्ली मुलाखतीला येणाऱ्या मुली पगाराआधी दोन गोष्टी विचारतात. माझी रात्र किती रात्रींनी येईल? आणि त्या रात्री मी गोठ्यात अडले, तर फोनवर दुसऱ्या टोकाला कोण असेल? काही मालकांना हे प्रश्न उद्धट वाटतात. मला मात्र ते ऐकले की बरं वाटतं, आणि उत्तरादाखल मी माझा स्वतःचा नंबर लिहून देते.