केडगावची जागृती, करिंथची कसोटी

[दृश्य : केडगाव, मुक्ती मिशनचं आवार. पहाट.]

जून १९०५ चे शेवटचे दिवस. पुण्याहून दौंडला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार स्त्रियांच्या आश्रमात, मुली झोपल्या होत्या. पहाटे एकीला जाग आली, तर शेजारची मैत्रीण ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली. आता ओतणार, इतक्यात तिला कळलं की हिचे कपडे पेटलेले नाहीत, अंगही भाजलेलं नाही. मिनी अब्राम्स या तिथल्या अमेरिकन मिशनरी बाईंनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत स्वरात योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. बोलता बोलता मुली रडू लागल्या, मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून मुक्तीत जागृतीसाठी, म्हणजे विश्वासाला नवी पालवी फुटावी म्हणून, प्रार्थना चालली होती. आधी थोड्या जणी जमायच्या, पुढे साडेपाचशेच्या आसपास स्त्रिया रोज दोनदा जमू लागल्या. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या तेव्हा जगभर पोहोचल्या होत्या. अन्य भाषांतल्या प्रार्थनांसाठी पुढे गाजलेली लॉस एंजेलिसची अझूसा स्ट्रीट मात्र अजून कुणाला ठाऊक नव्हती. ती जागृती एप्रिल १९०६ ची, म्हणजे केडगावनंतरची.

पुढे मुक्तीत अन्य भाषांमध्ये, म्हणजे बोलणारीनं कधी न शिकलेल्या भाषांमध्ये, प्रार्थना ऐकू येऊ लागल्या. शेजारच्या दौंडला अल्बर्ट नॉर्टन नावाचे मिशनरी मुलांचा आश्रम चालवत. ते मुक्तीत आले आणि प्रार्थनेच्या खोलीत डोळे मिटून गुडघे टेकून बसले. अगदी जवळून स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना ऐकू आली. डोळे उघडून पाहतात, तर बोलणारी बाई त्यांच्या चांगल्या ओळखीची. मातृभाषा मराठी, थोडंफार हिंदुस्तानी येणारी, इंग्रजीचा गंध नसलेली. नॉर्टन यांनी हे पत्रात कळवलं आणि ते पत्र अमेरिकेत छापून आलं.

यावर दोन झटपट उत्तरं तेव्हाही तयार होती, आजही आहेत. एक म्हणतं, जे दिसलं ते सगळं देवाचंच, शंका घ्याल तर पाप लागेल. दुसरं म्हणतं, हा सगळा उन्माद आहे, बंद करा. रमाबाईंनी दोन्ही नाकारली. त्या वेळी त्यांनी लिहिलं की प्रीती हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खरी आणि आवश्यक खूण आहे, पण रोग बरे करणं, अन्य भाषा, देवाकडून आलेला संदेश सांगणं ही आत्म्याची दानं टाकून द्यायची नाहीत. अन्य भाषा बोलला नाही त्याला आत्मा मिळालाच नाही, असं ठासून सांगणारे लोक तेव्हा पुढे येत होते. ती अट रमाबाईंनी कुणावर लादली नाही. आरडाओरडा होतो म्हणून नाकं मुरडणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींनाही त्यांनी ऐकवलं, की भारतीय माणसाला त्याच्या रीतीनं भक्ती करू द्या.

ही समज त्यांनी ज्या पत्रातून घेतली, ते पत्र जवळपास दोन हजार वर्षं जुनं आहे.

[दृश्य : प्राचीन करिंथचे अवशेष, ग्रीस.]

करिंथ हे दोन बंदरांमधलं श्रीमंत, धावपळीचं शहर. तिथल्या मंडळीत दानांना तोटा नव्हता. कुणी अन्य भाषेत बोले, कुणी संदेश सांगे, कुणाच्या हातून रोगी बरे होत. आणि त्याच मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण पोटभर खात नि पीत, तर गरीब उपाशी बसत. साधारण इसवी सन ५५ च्या सुमारास येशूचा प्रेषित पौल इफिसहून त्यांना जे पत्र लिहितो (बायबलातलं ‘करिंथकरांस पहिले पत्र’), त्यातले बारा, तेरा आणि चौदा हे तीन अध्याय सलग वाचायला हवेत. आपण मात्र तेरावा, प्रीतीचा अध्याय, लग्नात वाचतो आणि बाकीचे दोन मिटून ठेवतो. तो अध्याय दानांवरून चाललेल्या भांडणाच्या मधोमध लिहिला गेला आहे.

चौदाव्या अध्यायात पौल नियमच घालून देतो. अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, आणि एकेकानं. अर्थ सांगणारा कुणी नसेल तर मंडळीत गप्प राहावं. संदेश सांगणारेही दोघे किंवा तिघे, आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. पौल स्वतः अन्य भाषांत बोलत असे, तरी तो म्हणतो, मंडळीत त्या भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा दुसऱ्यांना कळतील असे पाच शब्द मला बरे वाटतात. बोलणाऱ्याला किती आनंद झाला, हे तो विचारत नाही. ऐकणाऱ्याची उन्नती झाली का, एवढंच विचारतो.

[दृश्य : मुक्तीचा छापखाना, जुनी छायाचित्रं.]

मुक्तीत तसंच घडलेलं दिसतं. जागृतीनंतर मुली गटागटानं आसपासच्या गावांत जाऊ लागल्या, प्रार्थना करू लागल्या, शुभवर्तमान सांगू लागल्या. शाळा चालू राहिली, शेती चालू राहिली, अंध मुलींचं शिक्षण चालू राहिलं. प्रार्थनेच्या खोलीत बहुतेकांना न कळणाऱ्या भाषा उमटत होत्या त्याच वर्षांत, त्याच आवारात, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन संपूर्ण पवित्र शास्त्र खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत आणत होत्या. मुक्तीच्या मुली त्यासाठी छपाईचे खिळे जुळवायला शिकल्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं. मला हे कष्टाचं दानही त्या पहाटेच्या ज्वाळांइतकंच आत्म्याचं वाटतं.

आता पैशाकडे वळू. शोमरोनच्या शिमोन नावाच्या जादूगारानं येशूचा शिष्य पेत्र याच्यापुढे पैसे ठेवले आणि आत्मा देण्याचं सामर्थ्य विकत मागितलं. पेत्रानं त्याला त्याच्या पैशासकट धुडकावलं. पुढच्या पिढ्यांना हा प्रश्न रोजचाच झाला. ‘दिदाखे’ नावाचं एक छोटं ग्रीक पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाकडचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. शतकानुशतकं ते हरवलेलं होतं. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि १८८३ मध्ये ते छापलं गेलं. गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांविषयी त्यात चोख सूचना आहेत. पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. आणि आत्म्यात बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो, प्रभूची चालचलणूक ज्याच्या अंगी आहे तोच खरा.

हे लिहिणारी माणसं श्रद्धाळू होती, आत्म्याला मानणारी होती. म्हणूनच ती इतकी सावध होती.

[दृश्य : सभेचा मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्यांच्या रांगा.]

आज आपल्याकडे काय ऐकू येतं? “देवानं मला दाखवलंय, तू याच्याशीच लग्न कर.” “आज या पाकिटात पैशांचं बी पेर, महिन्याभरात कर्ज फिटेल.” आणि सगळ्यात घातक म्हणजे, “गोळ्या बंद कर. गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास.” मग बाई बरी झाली नाही की दोष तिच्याच विश्वासाला. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून असं बोलणं मला देवाच्या नावानं केलेलं क्रौर्य वाटतं.

पौलाची पत्रं उघडा. त्याच्या हातून लोक बरे होत असत. तरीही आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत शहरात आजारी सोडून पुढे गेला, तसं त्यानं लिहिलंच आहे. दुसरा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता, पौलाच्या जिवाला घोर लागला होता. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाचा त्रास होता, वारंवार दुखणी येत, तर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. हा त्या काळचा घरगुती उपचार. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक होता, आणि त्याची ओळखच ‘प्रिय वैद्य’ अशी आहे. या तिन्ही आजाऱ्यांपैकी कुणालाही पौलानं ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं म्हटलेलं नाही.

रोग बरे होत नाहीत, असं मी म्हणत नाही. प्रार्थनेनंतर बरी झालेली माणसं मंडळ्यांमध्ये साक्ष देतात, आणि ती देवाचे आभार मानतात तेव्हा मीही मानतो. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल सांगतो की आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ मानू नका, आणि लगेच पुढे, सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा. बरं झालेल्या माणसाला डॉक्टरकडे तपासून घ्यायला पाठवणारा पाळक याच सूचनेनं वागत असतो. येशूनंही एका कुष्ठरोग्याला बरं केल्यावर याजकाकडे दाखवायला पाठवलंच होतं.

मत्तयाच्या सातव्या अध्यायात काही जण येशूला म्हणतात, तुझ्या नावानं आम्ही संदेश दिले, भुतं काढली, महत्कृत्यं केली. तो त्यांना म्हणतो, माझी तुमची कधीच ओळख नव्हती. त्यांनी काही केलंच नाही, असं तो म्हणत नाही. चमत्कार घडला एवढ्यावरून घडवणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही, इतकं तरी यातून स्पष्ट होतं. त्याच अध्यायात तो झाडाची ओळख फळावरून पटवायला सांगतो. फळ दिसायला वेळ लागतो. एका सभेत ते मोजता येत नाही.

तेव्हा कुणाला सभेत औषधं बंद करायला सांगितलं असेल, तर आजच डॉक्टरांना गाठा, औषध चालू ठेवा आणि प्रार्थनाही चालू ठेवा. तुमच्याविषयी कुणी संदेश सांगितला असेल, तर तो लिहून घ्या आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपुढे, सांगणाऱ्याच्या समक्ष ठेवा. पैसे मागितले असतील तर हिशोब मागा. प्रश्न विचारल्याबद्दल कुणी आत्म्याचा अपमान झाला म्हणालं, तर त्याला पहिल्या करिंथकरांस पत्रातल्या चौदाव्या अध्यायाचं एकोणतिसावं वचन वाचून दाखवा. संदेशाची पारख करायचं काम त्यात ऐकणाऱ्यांवरच सोपवलेलं आहे.