स्वयंपाकघर कुणासाठी मांडलेलं असतं?

श्रोतेहो, नमस्कार.

घरसजावटीच्या मासिकांत फ्रेंच स्वयंपाकघर म्हणून एक ठरलेलं चित्र असतं. सायीच्या रंगाची कपाटं, भिंतीला टांगलेली तांब्याची पातेली, कोपऱ्यात एखादं जुनं लाकडी फडताळ. अमेरिकन स्वयंपाकघर म्हटलं की खोलीच्या मधोमध ऐसपैस ओटा, दोन दारांचा अवाढव्य फ्रीज आणि समोर सगळा दिवाणखाना उघडा. चित्रं खोटी नाहीत. पण ती तशी का झाली हे पाहायचं तर आधी एक गोष्ट विचारायला हवी, या घरात हाताखाली माणूस होतं की नव्हतं?

पॅरिसमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू इमारतींचे नकाशे पाहा. दिवाणखाना आणि जेवणघर रस्त्याच्या अंगाला. स्वयंपाकघर पार मागे, इमारतीच्या आतल्या चौकाकडे तोंड करून, नोकरांच्या वेगळ्या जिन्याला लागून. वास आणि भांड्यांचा खणखणाट पाहुण्यांपर्यंत जाऊ नये, हा हेतू. खिडकीखाली भिंतीतच एक छोटं कपाट असायचं. त्याच्या झरोक्यातून बाहेरची गार हवा आत यायची आणि लोणी, चीज टिकायचं. बाकीचं सामान सुटं असे. टेबल वेगळं, ताटल्यांची मांडणी वेगळी, चूल वेगळी. आज ज्याला फ्रेंच ढब म्हणून दाम मोजला जातो, ती ही सुटी मांडामांड.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं जिव्हर्नी गावातलं घर आता कुणालाही पाहता येतं. जेवणघर पिवळंधमक, आणि शेजारच्या स्वयंपाकघराच्या भिंतींना रुआं शहरातल्या निळ्यापांढऱ्या फरश्या. त्यावर तांब्याची भांडी ओळीनं टांगलेली. तांब्याला आतून कल्हई लागते हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिकडेही ती करावीच लागते. खोली देखणी आहे, पण तिथे राबत होती ती स्वयंपाकीणबाई, मोने नव्हेत.

अमेरिकेत कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टोव या बहिणींनी १८६९ साली घर कसं असावं यावर पुस्तक लिहिलं. घरची बाईच काम करणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी दाखला दिला आगबोटीवरच्या भटारखान्याचा. दोनशे माणसांचा स्वयंपाक होतो आणि सगळं हाताच्या अंतरावर! मग १९१२-१३ च्या सुमारास गृहव्यवस्थेवर लिहिणाऱ्या क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातली मोजणी ओट्यापाशी आणली. कुठली वस्तू कुठे ठेवली तर किती पावलं वाचतात, याचा हिशोब. पुढे सिंक, शेगडी आणि फ्रीज यांचा त्रिकोण आला. या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मिळून २६ फुटांच्या आत असाव्यात, असा दंडक पडला. आपल्याकडचा मॉड्युलर किचनवाला आजही हाच त्रिकोण कागदावर काढून दाखवतो.

भिंती पडल्या त्याही याच कारणानं. राबणारी बाई घरचीच, तेव्हा तिनं एकटीनं मागच्या खोलीत का बसावं? मुलं दिसावीत, पाहुण्यांशी बोलता यावं. मला हे पटतं. फक्त आपल्याकडे सोसायटीच्या फ्लॅटमध्ये हीच उघडी मांडणी आली की मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट सोफ्यावर बसलेल्यांना लागतो, आणि वर्षभरात मधे काचेचं सरकतं दार बसतं.

फ्रेंच मंडळी मात्र स्वस्थ बसली नव्हती. घरकामाच्या नियोजनावर लिहिणाऱ्या पॉलेट बेर्नेज यांनी १९२८ साली हिशोब मांडला, की स्वयंपाकघर जेवणघरापासून लांब ठेवल्यामुळे बाईची आयुष्यभराची फुकटची चाल पॅरिसहून थेट सायबेरियातल्या बैकल सरोवरापर्यंत पोचते. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्सेय शहरात वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांची प्रचंड निवासी इमारत उभी राहिली. तिच्यासाठी डिझायनर शार्लोट पेरियाँ यांनी आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, आणि ते दिवाणखान्याकडे उघडं ठेवलं. म्हणजे उघडं ते अमेरिकन आणि बंद ते फ्रेंच, असं सरसकट म्हणता येत नाही.

आणि ज्युलिया चाइल्ड! पॅरिसला स्वयंपाक शिकून टीव्हीवर गाजलेली ही अमेरिकन बाई सहा फूट दोन इंच उंच. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या घरात १९६१ साली पती पॉल यांनी तिचं स्वयंपाकघर आखलं. ओटा नेहमीच्या ३६ इंचांऐवजी ३८ इंचांचा केला. शेगडी हॉटेलातली, तीही जुनी विकत घेतलेली. भिंतीवर भोकांचा फळा, त्यावर प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे धुणाऱ्यानं कुठलं पातेलं कुठे टांगायचं हे विचारायलाच नको. पातेली फ्रेंच, पण त्यांचा बंदोबस्त पक्का अमेरिकन. माझ्या लेखी या विषयातलं सर्वांत शहाणं स्वयंपाकघर हेच. २००१ साली ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं. तांब्याची भांडी तेवढी आधी कॅलिफोर्नियातल्या नापाच्या एका संग्रहालयात गेली होती. काही वर्षांनी तीही वॉशिंग्टनला आली.

नमस्कार.