मुंग्या बघणारे आणि माणसं बघणारे

मित्रहो, ‘फेज फोर’ पाहून उठलेल्या माणसाला कसा वाटला म्हणून विचारलं, तर बहुतेकदा दोनपैकी एक उत्तर येतं. ‘जेमतेम दीड तासाचा आहे, पण संपता संपत नाही’, नाहीतर ‘मुंग्या काय टिपल्यात हो!’ मग या दोन पक्षांत जुंपते आणि दोघंही एकमेकांच्या अकलेची कीव करतात. मला विचाराल तर भांडण फुकटचं आहे. एकाने माणसं बघितलेली असतात, दुसऱ्याने मुंग्या.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा 1974 चा चित्रपट. अंतराळात काहीतरी घडतं, माणसांवर त्याचा काहीच परिणाम दिसत नाही, पण ॲरिझोनाच्या वाळवंटात निरनिराळ्या जातींच्या मुंग्या आपापसातलं वैर सोडून एक होतात. त्यांना खाणारे कोळी वगैरे हळूहळू दिसेनासे होतात. डॉ. हब्स हे शास्त्रज्ञ आणि लेस्को हा तरुण गणिती तिथे घुमटाकार प्रयोगशाळा थाटतात आणि लढाई सुरू होते. प्रत्यक्ष चित्रीकरण केनियात आणि इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत झालं, पण पडद्यावरचं वाळवंट ॲरिझोनाचंच समजायचं.

दिग्दर्शक सॉल बास. हा माणूस मुळात चित्रकार, ग्राफिक डिझायनर. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ आणि ‘सायको’ची श्रेयनामावली त्याची, कितीतरी बड्या कंपन्यांची बोधचिन्हंही त्याचीच. पूर्ण लांबीचा चित्रपट मात्र त्याने आयुष्यात हा एकच दिग्दर्शित केला आणि तो सपाटून आपटला. का आपटला, ते पोस्टर पाहिलं की कळतं. तळहाताला भोक पडलंय आणि त्यातून मुंगी बाहेर येतेय! तसं दृश्य चित्रपटात आहे, खोटं नाही. पण ते पोस्टर पाहून तिकीट काढणाऱ्याला दोन घटका किंचाळायला मिळेल असं वाटणार. आत बघतो तर सुरुवातीची कितीतरी मिनिटं पडद्यावर माणूसच नाही. नुसता निवेदकाचा आवाज आणि वारुळाच्या पोटातले बोगदे. त्या प्रेक्षकाने शिव्या घातल्या असतील तर मी त्याला दोष देणार नाही.

शिवाय अमेरिकन प्रेक्षकाच्या डोक्यात तेव्हा मुंग्यांचा एक ठरलेला नमुना होता. 1954 च्या ‘देम!’ मध्ये अणुचाचण्यांमुळे राक्षसी आकाराच्या झालेल्या मुंग्या होत्या. मजेदार चित्रपट आहे, पण तशी मुंगी उभीच राहू शकणार नाही. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि पायांची ताकद वाढते चारपटच. त्यात मुंगीला फुप्फुसं नाहीत. अंगावरच्या छिद्रांतून आणि बारीक नळ्यांतून हवा आत जाते, आणि ही सोय एवढ्याशा देहापुरतीच चालते. बासने मुंगीला तिच्या मापातच ठेवलं. मोठी केली ती कॅमेऱ्याने.

हा कॅमेरा केन मिडलहॅमचा. 1971 मध्ये आलेल्या आणि ऑस्कर मिळालेल्या ‘द हेलस्ट्रॉम क्रॉनिकल’ या कीटकपटातही त्याने काम केलं होतं. ‘फेज फोर’मधला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघतो. हब्स पिवळं कीटकनाशक फवारतो. वर सगळं पिवळंधमक होऊन थिजतं. खाली एक मुंगी त्या विषाचा खडा जबड्यात धरून बोगद्यातून ओढत निघते. थोडं अंतर जाते, लटपटते आणि मरते. दुसरी येते, तोच खडा उचलते, पुढे नेते, तीही मरते. मग तिसरी. असं करत खडा राणीपर्यंत पोचतो, राणी तो खाते, आणि पुढची पिढी जन्मते ती पिवळी, त्या विषाला न जुमानणारी. संवाद शून्य. तरी थिएटरात या ठिकाणी चुळबुळ थांबते, हे मी स्वतः अनुभवलंय. ‘संथ आहे’ म्हणणारेही इथे गप्प असतात.

आता यातली गंमत बघा. मुंगीला अभिनय येत नाही. तिच्या चेहऱ्यावर हलेल असं काही नसतंच. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाटीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला होता. बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. बासने हाच प्रयोग मुंग्यांवर केला. मेलेल्या मुंग्या ओळीने मांडून ठेवलेल्या दिसतात, लगेच एका जिवंत मुंगीचा क्लोज-अप येतो, आणि आपल्या घशात आवंढा येतो. ती मुंगी कदाचित दिव्याच्या उष्णतेने थबकली असेल! शोक आपण केला. पडद्यावर दिसणारी बुद्धी अर्धी संकलनाच्या टेबलावर तयार झालीय, अर्धी आपल्या खुर्चीत.

खऱ्या मुंग्याही मेलेल्यांना उचलून नेतात. 1958 मध्ये मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी दाखवून दिलं की, हे सगळं वासावर चालतं. मेलेल्या मुंगीच्या अंगात ओलेइक आम्ल तयार होतं. तेच आम्ल जिवंत मुंगीला चोपडलं, तर बाकीच्या तिला हातपाय झाडत असतानाच उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकून येतात. ती बिचारी अंग साफ करून परत येते, वास गेला नसेल तर पुन्हा रवानगी.

‘मुंग्या एवढ्या हुशार कशा दाखवल्या? काहीतरीच!’ हा आक्षेप हमखास येतो. तो निम्मा बरोबर आहे. कीटकनाशक पचवणारे कीटक खरोखर निपजतात, पण राणीने चव घेतल्यामुळे नव्हे. फवारणीतून मूठभर वाचतात आणि पुढची वीण त्यांची वाढते. वैर सोडणाऱ्या मुंग्याही आहेत. दक्षिण युरोपच्या किनाऱ्याने इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक टोकापर्यंत सुमारे 6000 किलोमीटर पसरलेल्या अर्जेंटाइन मुंग्या एकमेकींना आपल्याच वारुळातल्या मानतात. मात्र त्या एकाच जातीच्या. दुसऱ्या जातीच्या मुंग्यांना त्या हुसकावूनच लावतात. आणि ॲरिझोनाच्या खऱ्या वाळवंटात 1980 च्या दशकापासून धान्य गोळा करणाऱ्या मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या डेबोरा गॉर्डन सांगतात की, वारुळात हुकूम देणारं कुणी नसतं, राणीसुद्धा नाही. दाणे घेऊन परतणाऱ्या किती मुंग्या किती वेगाने भेटतात, त्यावर आतली मुंगी बाहेर पडायचं की नाही ते ठरवते. एकेकटीला काहीच ठाऊक नसतं. बासने राणीचं महत्त्व वाढवलं, पण योजना कोण आखतं हे कुठेही दाखवलं नाही. हे मला फार आवडतं.

माणसांच्या बाजूची तक्रार मात्र मी खोडणार नाही. नायजेल डेव्हनपोर्टचा हब्स हट्टी, मुंगी चावून हात सुजला तरी माघार न घेणारा. तो लक्षात राहतो. मायकेल मर्फीचा लेस्को ठीक. प्रयोगशाळेत आसरा घेतलेली तरुणी म्हणजे लिन फ्रेडरिकची केंड्रा; तिच्या वाट्याला घाबरणं आणि एकदा संतापून मुंग्यांची काच फोडणं याशिवाय फारसं काही येत नाही. तीन माणसं एका घुमटात अडकलीत, बाहेर मुंग्यांनी चकाकत्या भिंती उभारून ऊन आत परतवलंय, उकाड्याने यंत्रं बंद पडायला आलीत. नाट्य इथे आपोआप घडायला हवं होतं. मुक्ताबाईंच्या अभंगातली मुंगी सूर्य गिळते, इथल्या मुंग्या तो शत्रूवर सोडतात. एवढी मोठी कल्पना हाती असताना संवाद इतके कोरडे का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

राहिला शेवट. ‘कळला नाही’ हे सगळ्यांचंच मत. बासने चित्रित केलेला मूळ शेवट बराच लांब होता. भौमितिक रचना, चक्रव्यूहासारख्या वाटा आणि त्यांत बदलत चाललेली माणसं अशी स्वप्नवत दृश्यमालिका. पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने ती कापली. ती सापडून 2012 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दाखवली गेली, तेव्हापासून ‘खरा शेवट तोच’ म्हणणाऱ्यांचा एक पंथच झालाय. दृश्यं देखणी आहेत, वादच नाही. तरी मला कापून छोटा केलेला शेवटच बरा वाटतो. त्यात लेस्को सांगतो की, आपल्याला बदललं जातंय, कशासाठी ते माहीत नाही, वेळ आली की सांगतील. लांब शेवटात बास आपल्याला मुंग्यांचं नवं जग फिरवून दाखवतो. छोट्या शेवटात आपण लेस्कोइतकेच अंधारात राहतो, आणि बोगद्यात विषाचा खडा ओढणाऱ्या त्या मुंगीलाही यापेक्षा जास्त काही ठाऊक नव्हतं.