लातूरच्या अंगणात हनुमानफळ

(दृश्य: एप्रिलची दुपार. लातूरमधली एक गल्ली, गच्च्यांवर काळ्या टाक्यांची रांग.)

निवेदन:
२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्या गाडीचं नाव होतं जलदूत. ज्यांनी तो उन्हाळा काढला, त्यांच्या घरात आजही तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत जात नाही. अशाच एका घराच्या मागच्या अंगणात हनुमानफळाचं, म्हणजे सोरसॉपचं झाड उभं आहे. सीताफळाच्याच कुळातलं, पण परदेशी. गर्द, चकचकीत पानं आणि बुंध्यालगतच्या फांदीला लोंबणारं हिरवं, मऊ काट्यांचं फळ. हे फळ चांगलं पोसलं तर दोन-तीन किलोंचंही भरतं.

(दृश्य: काकू झाडाच्या आळ्यातलं उसाचं पाचट बाजूला करून खालची ओल दाखवतात.)

काकू सांगतात, ‘‘सगळे म्हणायचे, कशाला लावायलाव हे? इथं येत नसतंय. आता तेच लोक बिया मागायलेत.’’

पिण्याला पाणी नाही तिथं परदेशी झाडाचे लाड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच डोंगरात आहे. बालाघाटच्या मुरमाड उतारांवर कुणी पाणी न घालता जे सीताफळ येतं, ते मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं. पोर्तुगीजांच्या काळात अशी कितीतरी झाडं समुद्रमार्गे भारतात आली. त्यातलंच सीताफळ मराठवाड्यात इतकं रुजलं, की बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. ते टिकलं, कारण त्याला कोरडा ऋतू ठाऊक होता. उन्हाळ्यात पानं गाळायची, पावसाबरोबर फुटायचं.

म्हणून रोप घेताना ते कुठल्या देशातलं आहे यापेक्षा त्या मुलखात कोरडे महिने असतात का, हे विचारावं. रामफळ, चिकू, बार्बाडोस चेरी, सुरिनाम चेरी, निवडुंगाच्या कुळातलं ड्रॅगन फ्रूट ही मंडळी आपल्याकडे जमवून घेतात. रांबुटान, मँगोस्टीन, ड्युरियन ही बारमाही दमट जंगलातली झाडं. त्यांना कोकण द्या, केरळ द्या. मराठवाड्याच्या मे महिन्यात त्यांना जगवण्याचा हट्ट म्हणजे पाण्याची नासाडी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हनुमानफळ या दोन्हींच्या मधलं. त्याला सीताफळाइतका कोरडेपणा सोसत नाही. थंडीत रात्री दहा अंशांच्या आसपास आल्या की ते पानं टाकतं. एप्रिल-मेच्या झळांत फुलं येतात आणि गळतात. काकूंनी त्यासाठी पश्चिमेला तुराट्यांचा कुड घातलाय आणि वर शेजारच्या कडुलिंबाची सावली आहे. पाऊस पडून हवेत ओल आली की फळधारणा सुरू होते. तीही हातानं करावी लागते. या कुळातलं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळे त्याचे पराग त्याच्याच कामी येत नाहीत. हे काम करणारे बारके भुंगे अंगणात पुरेसे नसतात. काकू पूर्ण उमललेल्या फुलातले पराग वाटीत झटकतात आणि मऊ कुंचल्यानं नुकत्या उघडू लागलेल्या फुलात फिरवतात.

(दृश्य: कुंचला, वाटी, फुलाचा जवळून घेतलेला भाग.)

आता जमिनीकडे येऊ. बहुतेक रोपं इथंच मरतात. तीन फूट खड्डा खणा आणि शेणखत-माती भरा, हा सल्ला मुरमात चालतो. भारी काळ्या जमिनीत तोच खड्डा हौद होतो. भोवतालच्या चिकणमातीतून पाणी पाझरत नाही, पावसाळ्यात मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडून तुटतात. अॅव्होकॅडो तर एका झडीत जातो. काळ्या जमिनीत रोप वर उचलून, दीड-दोन फुटांच्या पसरट उंचवट्यावर लावावं.

दुसरी अडचण चुनखडीची. आपल्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास असतो. जमिनीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह द्यावं, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का ते पाहून घ्यावं. सर्रास मिळणारं ईडीटीए मुळांना दिलं, तरी चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही.

खोडालाच फळं धरणारं ब्राझीलचं जाबुटिकाबा हवं असेल, तर ते मोठ्या ड्रममध्येच लावावं. काळी माती न घालता कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत वापरावं. पाणी पावसाचं द्यावं, बोअरचं नाही. १०० चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०० लिटर पाणी खाली येतं. एका बऱ्या पावसात टाकी भरते. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र झाडाला घालू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. पानांची टोकं करपली, की आधी तिकडे बघावं.

(दृश्य: कापलेलं फळ, पांढरा गर, काळ्या बिया.)

हनुमानफळाचा गर आंबटगोड, रेशेदार. दुधात कुस्करून बर्फ घातला की मे महिना सुसह्य होतो. पण या झाडाभोवती एक बाजार उभा राहिलाय आणि त्याबद्दल बोललंच पाहिजे. त्याच्या पानांनी कर्करोग बरा होतो, असे संदेश फिरतात. माणसांवरच्या उपचारात असं सिद्ध झालेलं नाही. उलट पानांत आणि बियांत अॅनोनासिन नावाचं मज्जापेशींना घातक द्रव्य असतं. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ही फळं आणि पाल्याचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा विकार आढळल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं. कुणी आजारी माणसासाठी पाला मागायला आलं, तर काकू देत नाहीत. ‘‘फळ खावा म्हणते हौसेनं. अन् औषध डॉक्टरचंच घ्या म्हणते.’’

(दृश्य: जून. नवा उंचवटा, बाजूला बार्बाडोस चेरीचं रोप.)

यंदा बार्बाडोस चेरीची पाळी आहे. रोपवाटिकेतून नेताना पिशवीच्या तळाशी मुळं गोल फिरलेली नाहीत ना, ते पाहून घ्या. दोन चांगले पाऊस होऊ द्या, जमीन वाफशावर येऊ द्या, म्हणजे ओल राहील पण चिखल नसेल, मगच लावा. कलम असेल तर जोड मातीच्या वर राहू द्या आणि त्याच्या खालून येणारे फुटवे दिसतील तसे काढत जा.