आकडा कोणत्या विषयातला?

वैद्यकीय संशोधकाचा परिचय करून देताना हल्ली तीन आकडे हमखास सांगितले जातात: शोधनिबंध किती, त्यांना उद्धरणे (म्हणजे इतर निबंधांनी त्यांचे दिलेले संदर्भ) किती मिळाली आणि एच-इंडेक्स किती. हे आकडे कोणत्या विषयात जमा झाले ते सांगितले नाही, तर त्यांतून फारसे काही कळत नाही, एवढेच मला आज मांडायचे आहे.

एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली: जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच उद्धरणे मिळाली, तितका हा निर्देशांक. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ उद्धरणे मिळाली, तर किमान चार उद्धरणे असलेले निबंध चार आहेत, म्हणून त्याचा निर्देशांक ४. पहिल्या निबंधाची उद्धरणे ४० ऐवजी ४,००० झाली तरीही तो ४ च राहतो. एकाच गाजलेल्या निबंधाने माणूस मोठा ठरू नये, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. जीवशास्त्रांतले आकडे भौतिकशास्त्राच्या आकड्यांहून बरेच वर असतात, हे हिर्श यांनी त्याच लेखात नोंदवले होते. वापरणाऱ्यांनी सूत्र तेवढे उचलले आणि ही नोंद मागे राहिली.

वैद्यकाच्या पोटातही असेच अंतर आहे. कर्करोगावरच्या नव्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली की त्या विषयात लिहिणारे असंख्य गट वर्ष-दोन वर्षांतच तिचा आधार घेतात, आणि त्यांच्या संदर्भसूचीही लांबलचक असतात. शरीररचनाशास्त्रातला एखादा काटेकोर निबंध मात्र मोजके लोक वाचतात आणि सावकाश, पण दशकानुदशके वापरतात. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मागील दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेल्या उद्धरणांवर बेतलेला असल्यामुळे असे दीर्घायुषी काम त्याच्या नजरेत भरतच नाही.

सर्वांत फसवी असते ती अनेक विषयांत पसरलेली नोंद. हृदयरोग, बालरोग आणि मनोविकार अशा तिन्ही शाखांत ज्याचे निबंध आहेत, तो संशोधक आपल्याला बहुश्रुत वाटतो, आणि कधी कधी तो असतोही. पण पुष्कळदा तो जैवसंख्याशास्त्रज्ञ असतो. त्याचे खरे काम एकच, विश्लेषणाची पद्धत, आणि तीच वेगवेगळ्या गटांना लागते. यात कमीपणा काहीच नाही; किंबहुना पद्धतीचे निबंध विषयांच्या भिंती सहज ओलांडतात. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रथिने मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. २०१४ पर्यंत तिला तीन लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली होती. स्वतः लाउरी यांना तो आपला थोर निबंध वाटत नव्हता. उद्धरण मोजते ते उपयोग, थोरवी नव्हे, आणि वापरणारे अनेक विषयांतले असले की आकडा अफाट वाढतो.

आकडा फुगण्याचे दुसरे कारण लेखकांच्या यादीत सापडते. मोठ्या चाचण्या आणि उपचारविषयक मार्गदर्शक सूचना यांवर अनेकांची नावे असतात, आणि एच-इंडेक्स त्यांतल्या प्रत्येकाला पूर्ण श्रेय देतो. नाव पहिले की मधले, हे तो पाहत नाही. वैद्यकात सहसा पहिला लेखक प्रत्यक्ष काम करणारा आणि शेवटचा मार्गदर्शक असतो, तेव्हा नोंद वाचताना नावाची जागा पाहण्याचे कष्ट घ्यावेच लागतात. उद्धरण खंडनासाठीही असू शकते, हे निराळेच. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण त्याची उद्धरणे थांबली नाहीत, आणि त्यांतली पुष्कळशी त्याला खोडून काढणारी आहेत.

विषयांतली ही तफावत गणितातच सामावून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेले सापेक्ष उद्धरण गुणोत्तर हा त्यांतला एक. एखाद्या निबंधासोबत ज्या निबंधांचा उल्लेख होतो तेच त्याचे क्षेत्र मानायचे, आणि त्या क्षेत्रात अपेक्षित असलेल्या दराने निबंधाच्या वार्षिक उद्धरणांना भागायचे. त्या संस्थेच्या अर्थसाहाय्यातून झालेल्या निबंधांची मध्यम पातळी म्हणजे १. कच्च्या बेरजेपेक्षा हे निश्चित न्याय्य आहे. अडचण येते ती नेमकी दोन शाखांना जोडणाऱ्या कामात. शरीररचनेवरचा निबंध कर्करोगतज्ज्ञांच्या उपयोगी पडू लागला, की त्याच्या शेजारी उल्लेखलेले निबंध बदलतात, अपेक्षित दर चढतो, आणि नवे वाचक मिळाले म्हणूनच त्याचे गुणोत्तर घसरू शकते.