जुन्या पत्रिकेतला गणपती पुन्हा छापताना

मंडळी, आजीच्या लग्नपत्रिकेवरचा गणपती नातीच्या पत्रिकेवर लेटरप्रेसने, म्हणजे उठावाच्या ठशाला शाई लावून कागदावर दाबून, उमटवायचा, ही हौस मला आवडते. ठाण्यातल्या जुन्या घरांत अशा पत्रिका अजून ट्रंकेत सापडतात. पण मोबाइलवर फोटो काढून पाठवला की झालं, असं ते काम नाही.

पहिली अडचण हळदीकुंकवाची. पत्रिकेच्या कोपऱ्यांना बोटं लावलेली, कागद पिवळा पडलेला. स्कॅन थेट काळा-पांढरा केलात, तर कुंकू काळं होऊन बसतं. म्हणून मूळ मापाला 1200 डीपीआय (इंचाला 1200 ठिपके) ठेवून रंगीतच स्कॅन करा आणि त्याच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन चॅनेलांपैकी, म्हणजे रंगांच्या थरांपैकी, फक्त लाल चॅनेल घ्या. त्यात कुंकू, हळद आणि पिवळेपणा बराचसा फिका पडतो, काळी शाई तेवढी उरते. पत्रिकाच लाल शाईची असेल, तर मात्र हिरवा चॅनेल घ्या आणि कुंकवाचे डाग हाताने पुसत बसा. त्याला इलाज नाही.

आता खरी गोम. तुमच्या हातात आहे तो ठसा, मूळ चित्र नव्हे. जस्ताच्या ब्लॉकवर रेघ होती त्याहून कागदावर ती जाड उतरली, कारण दाबाखाली शाई कडेने पसरते. तोच फुगलेला ठसा स्कॅन करून छपाईची नवी प्लेट केली, की रेघ दुसऱ्यांदा फुगते. सोंडेवरच्या बारीक रेघा एकमेकींना चिकटतात आणि हातातल्या मोदकाचा नुसता गोळा होतो. म्हणून संगणकावर रेघ दोन्ही बाजूंनी किंचित सोलून काढायची. तेही बेतानं. हल्लीची फोटोपॉलिमरची, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची, प्लेट धुताना पाव पॉइंटाहून (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) बारीक रेघ टिकेल याचा भरवसा नसतो. भरीव काळ्यातली पांढरी रेघ तर अर्धा पॉइंट तरी हवीच, नाहीतर शाईनं बुजते.

लेटरप्रेसला करडी छटा नसते. शाई लागते किंवा लागत नाही. त्यामुळे रविवर्मा प्रेसची लक्ष्मी कुणी आणली, तर मी सरळ नाही म्हणतो. ते काम लिथोचं, म्हणजे दगडावरून छापण्याचं, एकेका रंगाला वेगळा दगड. ती चित्रकाराकडून रेघांत नव्यानं काढून घ्यावी.

हल्ली गिऱ्हाइकाला कागदात खोल रुतलेला ठसा हवा असतो. पायानं चालवायच्या छापयंत्रावर, म्हणजे ट्रेडलवर, काम करणाऱ्या जुन्या लोकांच्या हिशेबी मागच्या बाजूला उठाव दिसणं हा दोष होता! खोल ठसा हवाच असेल, तर जाड, मऊ कॉटन पेपर घ्या आणि रेघा आणखी थोड्या सोला.

मजकूर मात्र स्कॅनमधून उचलू नका. अनुस्वार तुटलेले असतात, जोडाक्षरं शाईनं भरलेली असतात. ‘श्रीकृपेकरून’पासून सगळं नव्यानं कंपोज करा. प्लेट टाकण्याआधी मूळ मापातली लेझर प्रिंट आजीला दाखवा. नावातली वेलांटी चुकली असेल, तर तिला आधी दिसेल.